लंबवर्तुळावरची चाल

वसंतातील व्याख्यानांसाठी विषय निवडावयाचा झाला म्हणजे इतिहास, संतवाङ्मय, शेतीचे अर्थकारण अशी भारदस्त नावे आपोआप पुढे येतात. पिंपळगाव राजासारख्या गावात व्यायामाच्या एका विलायती यंत्रावर तासभर बोलावयाचे, हे ऐकून काही मंडळींनी नाक मुरडले असेल, तर तो त्यांचा दोष नव्हे. तथापि अलीकडे आमच्याकडे जेवढे लोक हा एकच प्रश्न घेऊन आले, तेवढे दुसऱ्या कोणत्याही विषयासाठी आले नाहीत. डॉक्टरांनी रोज चालावयास सांगितले आहे, गुडघे बोलतात, रस्त्याने चालवत नाही. तर ते पायांनी ढकलावयाचे ‘इलिप्टिकल’ नावाचे यंत्र घरी घ्यावे काय? प्रश्न पंचवीस-तीस हजार रुपयांचा असतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. म्हणजे हे यंत्र घेणे याचा अर्थ चार क्विंटल कापूस बैठकीच्या खोलीत आणून ठेवणे. चार क्विंटल कापसावर जर पुढे ओले टॉवेल वाळत पडणार असतील, तर त्याविषयी आधी बोललेले बरे.

आमचा स्वतःचा अनुभव असा. आमच्या थोरल्या वहिनींना साखरेचा विकार आहे. त्यात त्या एकट्या नाहीत; भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख लोक आहेत. वहिनी पहाटे नांदुऱ्याच्या रस्त्याने चालावयास जात. एके दिवशी अंधारात मागून आलेली मोटार अंगावरून जाता जाता राहिली, आणि त्यांचे चालणे थांबले. घराच्या अंगणात फेऱ्या घालाव्यात तर वैशाखात सकाळी आठाच्या पुढे फरशीवर पाऊल ठेववत नाही, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल दारापर्यंत येतो. तीन महिन्यांत साखर वाढली, गोळीचा डोस वाढला. तेव्हा पुतण्याने यंत्राचा विषय काढला. घरात त्यावर पंधरा दिवस वाद झाला आणि त्या वादात विरोधी पक्ष आम्हीच होतो, हे कबूल केले पाहिजे.

आमचा विरोध वऱ्हाडी माणसाचा होता. आपल्याकडे व्यायाम नवा नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले, आणि १९३६ साली त्याचे पथक बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. नांदुऱ्यास महामार्गावर १०५ फुटी मारुती उभा आहे, तो काय यंत्रावर व्यायाम करून एवढा झाला? असा आमचा सवाल असे. आमच्या मदतीस आम्ही औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनाही बोलावले. या गृहस्थांनी तरुणपणी युजेन सँडो या प्रसिद्ध बलवानाची व्यायामाची सर्व साधने व पुस्तके विकत घेतली होती. स्प्रिंगांचे डंबेल्स वगैरे त्या काळी घरी व्यायाम करण्याचे अगदी नवे साहित्य होते. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि महाराष्ट्रभर त्यांचा प्रसार केला. पाहा, राजाने सुद्धा साधने टाकून दिली, असे आम्ही विजयाने म्हणालो.

त्यावर पुतण्याने एक गोष्ट दाखवून दिली, ती आम्ही सोयीस्करपणे विसरलो होतो. पंतप्रतिनिधींनी ती साधने आणून कोपऱ्यात टाकली नव्हती. सुमारे दहा वर्षे नेमाने वापरली होती. मग सोडली. दहा वर्षे वापरून सोडलेले साधन आणि दहा दिवस वापरून सोडलेले साधन यांत फरक आहे. शिवाय ज्या बाईस खाली वाकून गुडघे टेकता येत नाहीत, तिला सूर्यनमस्कार सांगणे हा काही युक्तिवाद नव्हे. येथे आमचा पक्ष पडला.

आता यंत्राकडे वळू. याचा प्रसार १९९५ नंतर झाला. त्या वर्षी अमेरिकेतील प्रिकोर या कंपनीने ते बाजारात आणले. आपल्याकडे त्यास कोणी ‘क्रॉस ट्रेनर’ म्हणतात, कोणी ‘ऑर्बिट्रेक’ म्हणतात. दोन पेडलांवर उभे राहावयाचे, दोन दांडे हातांत धरावयाचे आणि चालल्यासारखे पाय हलवावयाचे. पाऊल पेडलावरून उचलले जात नाही. पाऊल ज्या मार्गाने फिरते तो मार्ग साधारण लंबवर्तुळासारखा, म्हणजे दोन बाजूंनी दाबलेल्या वर्तुळासारखा असतो; म्हणून त्याचे हे नाव. धावताना पाऊल जमिनीवर आपटते आणि तो आघात घोट्यातून, गुडघ्यातून कमरेपर्यंत जातो. येथे पाऊल सुटतच नाही, त्यामुळे आपटण्याचा प्रश्न येत नाही. गुडघ्यावर भार मुळीच पडत नाही असे मात्र कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. अंगाचे वजन पायांवरच असते. फक्त धक्का कमी बसतो.

आतील रचना समजली की दुकानदाराचे अर्धे बोलणे आपोआप गळून पडते. पेडलांच्या दांड्यांनी एक मोठी चकती फिरते. तिच्यावरील पट्टा एका लहान चकतीवर गेलेला असतो, आणि लहान चकतीबरोबर एक जड चाक फिरते. ज्यांनी चरखा पाहिला आहे त्यांना हे सांगावयास नको. मोठे चाक एकदा फिरले की चाती कितीतरी वेळा फिरते, तसेच हे. या जड चाकास फ्लायव्हील म्हणतात. त्याचे काम काय? पायाने चालवावयाचे शिलाईचे यंत्र आठवावे. पायटा वर किंवा खाली टोकाला गेला की तेथे एक मेलेली जागा येते. पायाने कितीही दाबले तरी चाक पुढे जात नाही. चाकाला आधीचा वेग असेल तर मात्र ते ती जागा सहज ओलांडते. इलिप्टिकलमध्येही प्रत्येक फेऱ्यात अशा दोन मेलेल्या जागा येतात. चाक पुरेसे जड व वेगवान असेल तर त्या कळतही नाहीत. हलके असेल तर प्रत्येक पावलागणिक गचका बसतो आणि तो गचका नेमका गुडघ्यास बसतो. दुकानात ‘सहा किलोचे चाक, आठ किलोचे चाक’ असे सांगतात. वजनाला अर्थ आहे, पण चाकात साठणारा जोर वजनापेक्षा त्याच्या घेरावर आणि वेगावर अधिक अवलंबून असतो. त्यामुळे आकडा ऐकून निर्णय करू नये. यंत्रावर उभे राहून अगदी सावकाश पाय चालवावेत. सावकाश चालीत गचका बसला नाही तर चाक चांगले.

व्यायाम जड किंवा हलका करण्यासाठी या चाकाला रोध करावा लागतो. अगदी स्वस्त यंत्रात चाकावर पट्टा किंवा नमद्याचा तुकडा घासतो. तो झिजतो, वास येतो, आवाज होतो. बऱ्या यंत्रात लोहचुंबक असतात. ते चाकास स्पर्श करीत नाहीत, नुसते जवळ येतात. स्पर्श न करता चाक अडते कसे, असे वहिनींनी विचारले होते. आम्ही त्यांना घरातील जुन्या विजेच्या मीटरची आठवण दिली. त्यात काचेआड ॲल्युमिनिअमची एक चकती फिरत असे, आणि तिच्या कडेला एक लोहचुंबक बसविलेला असे. फिरणाऱ्या धातूतून चुंबकाच्या सान्निध्यात विजेचे भोवरे उठतात आणि ते चकतीला मागे ओढतात. म्हणून मीटर सुसाट पळत नसे. तीच युक्ती येथे आहे. चुंबक जवळ आणला की चाल जड, दूर नेला की हलकी. यात झिजण्यासारखे काही नाही. शिवाय हाताने फिरवावयाच्या खुंटीने चुंबक सरकत असेल तर वीज गेली तरी व्यायाम अडत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून विजेच्या मोटारीने रोध बदलणारे यंत्र आम्ही मुद्दाम घेतले नाही. समोरच्या पडद्याला दोन सेल पुरतात.

सर्वांत महत्त्वाचे माप पावलाचे. पेडल पुढे जास्तीत जास्त जाते ते टोक आणि मागे जास्तीत जास्त येते ते टोक, यांतील अंतर म्हणजे त्या यंत्राचे पाऊल. साधारण उंचीच्या प्रौढ माणसास अठरा ते वीस इंचांचे पाऊल ठीक पडते. पाच फूट दोन-तीन इंचांच्या आतील माणसास सोळा-अठराचे चालते. स्वस्त यंत्रांत ते बारा-चौदा इंचांचेच असते, आणि मग लंबवर्तुळ राहत नाही, जवळजवळ वर्तुळच होते. चालण्याऐवजी जिना चढल्यासारखे वाटते आणि दुखऱ्या गुडघ्यांना तेच नको असते. दोन पेडलांमधील आडवे अंतरही पाहावे. ते फार असेल तर माणूस फेंगडा उभा राहतो व कंबर धरते. हे सर्व चित्रावरून कळत नाही. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, यंत्र शेवटी कोठूनही मागवा, पण आधी खामगावास किंवा अकोल्यास जाऊन, ज्या माणसाला ते वापरावयाचे आहे त्याच माणसाला, त्याच्या नेहमीच्या बुटांसह, निदान दहा मिनिटे त्यावर उभे करा. आम्ही वहिनींना नेले तेव्हा पहिल्या यंत्रावरून त्या दोन मिनिटांत उतरल्या. दुसऱ्यावर दहा मिनिटे टिकल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, हे मशीन मले चालवून राह्यलं का मी याले?” चाक चांगले असल्याची याहून चांगली पावती नाही.

यंत्रावर किती वजनाचा माणूस चालेल हे लिहिलेले असते. आपल्या वजनापेक्षा निदान पंधरा-वीस किलोंची मोकळीक ठेवावी. या यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याचा क्रमांक आयएसओ २०९५७, भाग ९. त्यात घरगुती वापराच्या यंत्रास ‘एच’ वर्ग व व्यायामशाळेच्या यंत्रास ‘एस’ वर्ग म्हणतात. ही खूण पाटीवर असली तर बरे.

आता आम्ही केलेली चूक सांगतो. आम्ही लांबी मोजली, रुंदी मोजली, दार मोजले. जुन्या घरांची दारे अरुंद, त्यात उंबरा. पेटी आत येईल ना, याची काळजी घेतली. वर पाहावयाचे मात्र राहिले. यंत्र नेमके पंख्याखाली मांडले, कारण आमच्याकडे मे महिन्यात पंख्यावाचून कोणी व्यायाम करील ही कल्पनाच नको. खोलीचे छत साडेआठ फूट, पण पंख्याची पाती सात फूट दोन इंचांवर. पेडल वर जाते तेव्हा जमिनीपासून सोळा इंच. वहिनींची उंची पाच फूट एक इंच; त्यांना काही झाले नाही. पुतण्या पाच फूट अकरा इंच. तो वर आलेल्या पेडलावर चढला, पेडल ऐन मेलेल्या जागी असल्यामुळे खाली गेले नाही, हा ताठ उभा राहिला आणि डोक्यावरची टोपी पंख्याने भिंतीवर नेऊन मारली. पंखा एकवर होता म्हणून टोपीवर निभावले. तेव्हा हिशेब असा करावा: घरातील सर्वांत उंच माणसाची उंची, अधिक पेडलाची सर्वांत जास्त उंची, अधिक निदान अर्धा फूट. डोक्यावर पंखा असेल तर हे माप छतापर्यंत न धरता पात्यांपर्यंत धरावे. आम्ही शेवटी पंखा तसाच ठेवून यंत्र चार फूट बाजूस सरकविले. धाब्याच्या घरात तुळयांच्या खालून माप घ्यावे, हे वेगळे सांगावयास नको. चढताना नेहमी खाली असलेल्या पेडलावर पाय द्यावा आणि उतरताना चाक पूर्ण थांबू द्यावे.

जमिनीविषयी दोन शब्द. आपली काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरील शहाबादी फरशी वर्षभर सारखी राहत नाही. यंत्राचे चारही पाय जमिनीस टेकले नाहीत तर ते प्रत्येक पावलाला डुलते, डुलता डुलता बोल्ट ढिले होतात, आणि लोक म्हणतात यंत्र वाईट निघाले. गवंड्याची पाणसळ मागून आणावी, आडवी व उभी ठेवून पाहावी, आणि पायांखालील आटे फिरवून समपातळी साधावी. खाली रबरी चटई घालावी. फरशीही वाचते व आवाजही मरतो.

जुळणी करताना दोन माणसे हवीत. पेटी पन्नास किलोंच्या आसपास असते आणि ती एकट्याने उचलण्यात मर्दुमकी नाही. पेटीचा पुठ्ठा फाडून जमिनीवर पसरावा व त्यावर सांगाडा ठेवावा. नट, बोल्ट, वायसर ताटल्यांतून वेगवेगळे काढून यादीशी ताडून पाहावेत. आमच्या पेटीत एक वाकडा वायसर कमी होता आणि विकणाऱ्याने तो पाठवावयास तीन आठवडे लावले. यादी आधी तपासली नसती तर आम्ही त्यावाचूनच यंत्र उभे केले असते. प्रथम पुढचा व मागचा आडवा पाय बसवावा. मग उभा खांब. या खांबातून पडद्याची तार वर जाते. खांब बसवताना ती चिमटली की पडदा मुका होतो, आणि ही चूक सर्वांत जास्त घडते. मग हातांचे दांडे, शेवटी पेडलांचे दांडे. डावे-उजवे भाग अक्षरांनी दाखविलेले असतात, ते पाहूनच हात घालावा. पुष्कळ यंत्रांत डाव्या बाजूच्या आसाचे आटे सायकलच्या डाव्या पेडलासारखे उलटे असतात. ते डावीकडे फिरवून आवळावे लागतात. हे ठाऊक नसले तर माणूस जोर करतो, आटे मरतात, आणि त्यावर इलाज नाही. कोणताही बोल्ट एकदम घट्ट करू नये. सर्व बोल्ट हाताने चार-पाच आटे बसवून घ्यावेत आणि सांगाडा पूर्ण उभा राहिल्यावर पान्याने आवळावेत. आठवड्याने पुन्हा एकदा सर्वांवर पाना फिरवावा. नव्या यंत्राची कुरकुर बहुधा एवढ्यानेच थांबते.

काही यंत्रांत पेडलांच्या दांड्यांखाली रूळ असतात आणि ते पट्ट्यांवरून धावतात. आमच्याकडे धूळ व कापसाचा तूस यांना तोटा नाही. त्या पट्ट्या रोज कोरड्या फडक्याने पुसाव्यात. तेथे खोबरेल घालू नये. आमच्या घरात ते कोणी घातले हे आम्ही सांगणार नाही, पण दोन दिवसांत पट्टीवर काळा लगदा जमला होता.

लहान मुलांची गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. या यंत्रांना बहुधा कुलूप नसते. एक मूल पेडलावर चढले की दुसऱ्या बाजूचा दांडा हलतो, आणि त्याच्या सांध्यात दुसऱ्या मुलाचे बोट असू शकते. घरात लहान मुले असतील तर यंत्र दार लावता येईल अशाच खोलीत ठेवावे. तशी खोली नसेल तर यंत्र घेऊ नये, असे आमचे मत आहे.

किती करावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण आठवड्यास दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाचे आहे. पहिल्या दिवशी मात्र पाच-सात मिनिटे पुरेत. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा दम लागला की श्रम मध्यम झाले असे समजावे. पडद्यावर दिसणारे कॅलरींचे आकडे मनोरंजन म्हणून पाहावेत. यंत्राला तुमच्या शरीराविषयी फारच थोडे ठाऊक असते. पाठ सरळ ठेवावी, दांड्यांवर लोंबकळू नये. पाऊल एकाच जागी दाबून राहिल्यामुळे बोटांना मुंग्या येतात. मधून टाच किंचित सैल करावी, बुटांच्या नाड्या सैल बांधाव्यात. मधुमेहाच्या माणसाने अनवाणी कधीही चढू नये आणि उतरल्यावर तळवे पाहावेत, कारण संवेदना कमी झालेल्या पायाला घासलेले कळत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर जवळ साखर ठेवावी, आणि आरंभ करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले, चक्कर आली तर तेथेच थांबावे. हाडांना थोडा आघातही लागतो आणि तो या यंत्रात मिळत नाही; म्हणून ज्यांना चालता येते त्यांनी चालणे अगदी सोडू नये.

पुष्कळांना वाटते, आधी यंत्र घ्यावे म्हणजे सवय लागेल. आमचा अनुभव उलट आहे. वहिनींकडून आम्ही चाळीस दिवस ठरावीक वेळी घरातल्या घरात वीस मिनिटे चालण्याचा नेम करून घेतला आणि तो मोडला नाही म्हणूनच पैसे मोजले. ज्यांचा नेम मोडतो त्यांची यंत्रे वर्षभरात निम्म्या किमतीस विकावयास निघतात, आणि शहाण्या माणसाने ती घ्यावीत. मात्र घेताना पेडल हाताने आडवे हलवून पाहावे. खडखडले तर आस झिजला आहे. रोध सर्वांत हलका व सर्वांत जड करून दोन्ही चाली पाहाव्यात. फरक लागला नाही तर चुंबकाची तार तुटली आहे, आणि ती बहुधा थोडक्यात बदलून मिळते. डोळे मिटून आवाज ऐकावा. एकसारखी घरघर चालेल, फेऱ्यागणिक येणारा ठोका चालणार नाही.

आमच्या घरी यंत्रास आता दोन पावसाळे झाले. वहिनींची साखर गोळ्यांसह आटोक्यात आहे. त्यात आहाराचा वाटा किती व यंत्राचा किती हे आम्ही सांगू शकत नाही. गेल्या श्रावणात फरशी एका बाजूने उचलली आणि यंत्र डुलू लागले. वहिनींनी आम्हांस हाक न मारता स्वतःच पाणसळ लावली आणि मागच्या डाव्या पायाचे दोन आटे खाली उतरविले.